त्वचा व हृदय : एका जुन्या रोगाविषयी नवे ज्ञान

शाळेत शरीरशास्त्राचा जो भाग शिकवला जातो, त्यात त्वचेचा पाठ एकीकडे व हृदयाचा पाठ दुसरीकडे असतो. परीक्षेतही त्वचेवरील प्रश्नाच्या उत्तरात कोणी हृदयाचे नाव काढीत नाही. काढल्यास गुण मिळण्याची आशा थोडीच. शिकवण्याच्या सोयीसाठी अशी विभागणी करणे भाग आहे, परंतु शरीराची बांधणी पुस्तकाच्या प्रकरणांप्रमाणे झालेली नाही. पेणहून रोह्याकडे आगगाडीने जाणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल की, रोह्यापर्यंतचा लोहमार्ग मध्य रेल्वेचा व तेथून पुढचा कोकण रेल्वेचा. कारभार दोन, परंतु रूळ एकच. एका बाजूस खोळंबा झाला की दुसऱ्या बाजूस तो जाणवल्यावाचून राहत नाही. त्वचा व हृदय यांचाही संबंध असाच आहे. सोरायसिस नावाच्या एका रोगावरून हा संबंध गेल्या ५० वर्षांत विशेष स्पष्ट झाला. त्या रोगाविषयी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झिजत असतो व खालून नव्या पेशी वर येत असतात. तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास निरोगी माणसाच्या ठिकाणी सुमारे २८ दिवस लागतात. सोरायसिसमध्ये हेच काम ३ ते ५ दिवसांत उरकले जाते. पेशी पक्व होण्यापूर्वीच वर येतात, एकीवर एक साचतात, आणि कोपर, गुडघे, कंबर, डोक्याची कातडी अशा ठिकाणी जाड, स्पष्ट कडांचे चट्टे उठून त्यांवर चंदेरी पांढरे पापुद्रे धरतात. पुस्तकांतून हे चट्टे लाल असतात असे लिहिलेले आढळते, ते गोऱ्या वर्णास लागू आहे. आपल्या सावळ्या वर्णावर ते जांभळट किंवा करडे दिसतात. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात. काहींचे सांधे सुजतात व आखडतात. थंडीत रोग बळावतो आणि कोवळ्या उन्हात पुष्कळांस उतार पडतो.

भारतात निरनिराळ्या पाहण्यांत, विशेषतः रुग्णालयांतून केलेल्या पाहण्यांत, ह्या रोगाचे प्रमाण शेकडा ०.४४ ते २.८ आढळले आहे. वयाच्या विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे माणूस मिळवता असतो त्या काळात तो अधिक दिसतो. रोग पूर्णपणे जात नाही. दबतो, पुन्हा उठतो. तो काही अंशी आनुवंशिक आहे. मात्र तो संसर्गजन्य मुळीच नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्या अंथरुणावर निजल्याने, त्याच्या शेजारी एका बाकावर बसल्याने तो दुसऱ्यास होत नाही. हे वाक्य पालकांनी पुन्हा एकदा वाचावे अशी आमची विनंती आहे.

ह्या रोगाची एक चमत्कारिक खोड आहे. जेथे कातडी दुखावते तेथे तो उठतो. हाइनरिख कोब्नर ह्या जर्मन त्वचावैद्याने १८७० नंतरच्या दशकात ही गोष्ट दाखवून दिली. त्याच्या एका रोग्याच्या अंगावर घोडा चावल्याच्या जागी व गोंदवून घेतलेल्या जागी नेमके चट्टे उठले होते. आपल्या भागात घोडे फारसे चावत नाहीत, परंतु लावणीच्या दिवसांत चिखलात पाय सोलवटणारे, मिठागरावर हातापायांस चिरा पडणारे, गणपतीच्या कारखान्यात दिवसभर शाडू व रंग हाताळणारे पुष्कळ आहेत. अशा माणसास सोरायसिस असला तर त्याच्या कामाच्या जागाच रोगाच्या जागा होतात, आणि लोकांची समजूत होते की, मातीमुळे किंवा मिठामुळेच रोग झाला. रोगाचे मूळ मात्र शरीराच्या आत असते. कातडी दुखावणे हे केवळ निमित्त होय.

आता लोक ह्या रोगास इतके भितात का, ह्याचा थोडा इतिहास सांगतो. प्राचीन ग्रीक वैद्य खवले धरणाऱ्या त्वचारोगांस ‘लेप्रा’ म्हणत. त्या शब्दाचा अर्थच खवल्यांचा रोग असा होता. जुन्या करारातील लेवीयाच्या १३व्या व १४व्या अध्यायांत ज्या त्वचाविकाराचे वर्णन आहे त्याच्या हिब्रू नावासाठी ग्रीक भाषांतरकारांनी हाच शब्द योजिला. ते हिब्रू नाव वस्त्रांवरील व घराच्या भिंतींवरील डागांसही लावलेले आहे. त्यावरून त्याचा अर्थ किती व्यापक होता ते दिसते. पुढे ‘लेप्रा’ हा शब्द महारोगास चिकटला, आणि अंगावर खवले असलेले कित्येक निरपराध लोक मध्ययुगात महारोग्यांत गणले गेले. आपल्याकडेही शब्दाचा असाच घोटाळा आहे. आयुर्वेदाने कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले, म्हणजे कुष्ठ हे पुष्कळ त्वचारोगांचे सामान्य नाव होते. त्यांपैकी एककुष्ठ, किटिभ ह्यांची लक्षणे सोरायसिसशी जुळती मानतात. आजच्या मराठीत मात्र कुष्ठ म्हटले की एकच रोग डोळ्यांपुढे येतो. युरोपात व्हिएन्नाच्या हेब्रा ह्या वैद्याने १८४१ मध्ये सोरायसिस हा महारोगाहून निराळा रोग असल्याचे निश्चित केले. महारोगाचा जंतू हान्सेनने १८७३ मध्ये शोधला. सोरायसिसचा जंतू कोणी शोधला नाही, कारण तो नाहीच.

दोहोंत ओळखण्याजोगा भेद असा की, महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्शज्ञान कमी होते किंवा नाहीसे होते व जाड चंदेरी पापुद्रा धरत नाही. सोरायसिसचा चट्टा खाजतो, सोलतो, आणि त्यावर कापूस फिरवला तर तो कळतो. तथापि निदान डॉक्टरांनीच करावे. महारोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून दुसऱ्यास धोका उरत नाही. तेव्हा त्या रोग्यांस दूर लोटण्यासही आधार नाही. आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ नेरे येथे शांतिवनात कुष्ठसेवेचे कार्य दीर्घकाळ चालले आहे, ते पाहिलेल्यांस हे निराळे सांगावयास नको.

जाता जाता औषधाच्या इतिहासातील एक गंमत सांगतो, कारण तिचा संबंध आपल्या किनाऱ्याशी आहे. ब्राझील देशातील अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघणारी पिवळट पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यास आली व ‘गोवा पावडर’ ह्या नावाने नायट्यावर वापरली जाऊ लागली. १८७६ मध्ये लंडनचे त्वचावैद्य बॅल्मॅनो स्क्वायर ह्यांच्या ध्यानात आले की, तिचा सोरायसिसवर गुण येतो. पुढे पहिल्या महायुद्धात मूळ द्रव्य मिळेनासे झाले, तेव्हा जर्मन रसायनज्ञांनी १९१६ मध्ये तत्सम कृत्रिम द्रव्य बनवले. डिथ्रॅनॉल ह्या नावाने ते पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. नायट्याचे औषध निराळ्याच रोगास लागू पडले, हा वैद्यकातील दैवयोग म्हणावा.

येथपर्यंत सर्व कातडीची गोष्ट झाली. वैद्यही तिला पुष्कळ काळ कातडीचीच गोष्ट समजत. १९७० नंतरच्या दशकात मॅकडोनाल्ड व कॅलाब्रेसी ह्या अमेरिकन वैद्यांनी रुग्णालयातील सोरायसिसचे रोगी व इतर त्वचारोगांचे रोगी ह्यांची तुलना केली. १९७८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, रक्तवाहिन्या तुंबण्याचे विकार सोरायसिसच्या रोग्यांत दुपटीहून अधिक आढळले. त्या वेळी ह्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. २००६ मध्ये मात्र गेलफंड व त्यांचे सहकारी ह्यांनी ब्रिटनमधील वैद्यांच्या नोंदींवरून सुमारे १,३१,००० सोरायसिसचे रोगी व सुमारे ५,५७,००० इतर माणसे ह्यांची तुलना केली, आणि मग दुर्लक्ष करणे शक्य राहिले नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ह्यांचा हिशेब वजा घालूनही तीव्र सोरायसिस असलेल्या ३० वर्षांच्या माणसास हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव त्याच वयाच्या इतर माणसांच्या ३.१ पट निघाला. सौम्य रोग असेल तर १.२९ पट. वय ६० असता हेच आकडे अनुक्रमे १.३६ व १.०८ होते.

गणितात रस असलेल्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा, कारण वर्तमानपत्रे नेमकी येथेच चुकतात. ‘तिप्पट धोका’ हे शब्द वाचून तरुण रोगी घाबरतो. परंतु तिप्पट म्हणजे कशाच्या तिप्पट? केवळ उदाहरणादाखल समजा की, तिशीतील १०,००० निरोगी माणसांपैकी वर्षात एकास झटका येतो. मग तीव्र रोग असलेल्या १०,००० तरुणांत तो तिघांस येईल, म्हणजे दोघे अधिक. आणि समजा, साठीच्या १०,००० माणसांत तो १०० जणांस येतो, तर १.३६ पटीने तो १३६ जणांस येईल, म्हणजे ३६ जण अधिक. पट लहान, पण माणसे अधिक. तेव्हा तरुणाने भयभीत होऊ नये, आणि वृद्धानेही ‘आमचा आकडा लहान आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. गुणोत्तर व संख्या ह्यांतील भेद सहावीच्या वर्गात शिकवला जातो. तो आयुष्यात कोठे उपयोगी पडतो असे विचारणाऱ्यांस हे उत्तर आहे.

आता हे घडते कसे? खारेपाटातील विद्यार्थ्यांस समुद्राचा बांध परिचित आहे. उधाणाच्या वेळी बांधास एके ठिकाणी खांड पडली, तर नुकसान केवळ त्या जागेचे होत नाही. खारे पाणी चरांतून पसरत दूरच्या शेतात जाते, आणि ज्या शेतकऱ्याने बांध पाहिलाही नाही त्याचे भात जळते. सोरायसिसमध्ये कातडीत जो दाह पेटलेला असतो त्याचे असेच होते. दाह ही वस्तुतः शरीराची संरक्षणाची रीत आहे. जखम झाली किंवा जंतू शिरले की पांढऱ्या पेशी तेथे जमतात, काही द्रव्ये सोडतात, जागा लाल व गरम होते, आणि काम संपले की सर्व शांत होते. ह्या रोगात शत्रू नसताना पेशी लढत राहतात व काम कधी संपत नाही. त्या जी द्रव्ये सोडतात, त्यांपैकी टी. एन. एफ., इंटरल्यूकिन १७ व इंटरल्यूकिन २३ ही प्रमुख आहेत. ती कातडीतच राहत नाहीत. रक्तावाटे सर्वत्र फिरतात.

हृदयाच्या धमन्या तुंबतात म्हणजे नळात गाळ साचावा तशी चरबी साचते, असे पूर्वी सांगत. हे चित्र अपुरे आहे. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरते हे खरे, पण त्याच्या मागोमाग पांढऱ्या पेशी शिरतात, तेथेही दाह सुरू होतो, आणि एके दिवशी तो फुगवटा फुटून वर रक्ताची गुठळी धरते. तोच हृदयविकाराचा झटका. म्हणजे कातडीतील चट्टा व धमनीतील फुगवटा ही एकाच जातीची भांडणे होत. एकातील द्रव्ये दुसऱ्यास भडकावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सोरायसिसच्या रोग्यांच्या हृदयधमन्यांतील मऊ, लवकर फुटणाऱ्या जातीचा थर हा त्यांच्याहून सुमारे १० वर्षांनी वडील व कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसांपेक्षा कमी नव्हता, उलट अधिकच होता.

तथापि सर्व दोष दाहावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. सोरायसिसच्या रोग्यांत स्थूलता, मधुमेह, उच्च रक्तदाब ही अधिक आढळतात, आणि स्थूलतेमुळे सोरायसिस होण्याचा संभवही वाढतो. म्हणजे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. शिवाय एक कारण असे आहे की जे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ज्याला लोक टाळतात तो घराबाहेर पडत नाही, नदीवर पोहावयास जात नाही, मैदानावर सदरा काढून खेळत नाही, लग्नकार्यास जाण्याचे टाळतो. मन उद्विग्न असता विडी, तंबाखू किंवा दारूकडे वळतो. कातडीच्या रोगाने हृदयास जी इजा होते तिच्यातील काही वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असतो, असे आम्हांस वाटते. रोग्याच्या बाकावर बसण्यास आपल्या मुलास मना करणारे पालक हे करताना कोणाच्या हृदयाचा विचार करीत नसतात, हे आम्ही जाणतो.

आपल्या देशापुरती एक गोष्ट ह्या हिशेबात आणखी धरावी लागते. ५२ देशांत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट नावाच्या पाहणीत हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यम वय दक्षिण आशियातील लोकांत ५३ व इतर देशांतील लोकांत सुमारे ५९ आढळले. म्हणजे आपल्याकडे हृद्रोग मुळातच लवकर येतो. त्यात विशीतिशीत सुरू झालेला सोरायसिस असेल, तर पन्नाशी येईपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे नाही. अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात सोरायसिससारख्या दीर्घकालीन दाहाच्या रोगांस हृदयाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गणले आहे.

आणि तरीही प्रत्यक्षात काय घडते? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस १२ वर्षे सोरायसिस होता. त्यांनी मलमे लावली, तेले चोळली, पथ्ये केली, एका देवस्थानाच्या कुंडातही स्नान केले. ह्या सर्व काळात त्यांचे कोपर व गुडघे अनेकांनी पाहिले, परंतु दंडास पट्टा बांधून रक्तदाब कोणी पाहिला नाही. तो प्रथम पाहिला गेला विम्याच्या तपासणीत, आणि १७०/१०० निघाला. विमा मिळाला नाही म्हणून ते खिन्न झाले. आमच्या मते विमा कंपनीच्या डॉक्टराने त्या दिवशी त्यांच्यावर उपकारच केले. आता ते रक्तदाबाची गोळी नेमाने घेतात व कोपरांची चिंता पूर्वीपेक्षा कमी करतात.

ज्यास सोरायसिस आहे त्याने वर्षातून एकदा तरी रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल व वजन पाहून घ्यावे. त्यासाठी मुंबईस जाण्याची जरुरी नाही. पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. त्वचेच्या डॉक्टरास हृदयाविषयी व हृदयाच्या डॉक्टरास त्वचेविषयी आपण होऊन सांगावे, कारण रक्तदाबावरील काही औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर नावाच्या वर्गातील, सोरायसिस वाढवतात. हिवतापावरील क्लोरोक्वीनही कित्येकांत तसेच करते. गावोगावी ‘एका सुईत चट्टे गायब’ करणारे भेटतात, त्यांच्यापासून विशेष सावध राहावे. त्या सुईत बहुधा स्टेरॉइड असते. चट्टे आठवड्यात जातात हे खरे, पण औषध सुटताच रोग पूर्वीपेक्षा भयंकर रूपाने उसळतो, कधी सर्वांगावर पुवाचे फोड येतात; आणि दरम्यान रक्तदाब व साखर वाढून हृदयास अधिक इजा होते ती वेगळीच. सुकी मासळी, पापड, लोणचे ही आपल्या ताटाची शोभा आहे. पेणच्या पापडांची कीर्ती आम्ही कमी करू इच्छीत नाही, परंतु रक्तदाब असलेल्याने त्यांतील मीठ मोजले पाहिजे. मिसरी लावणाऱ्या माताभगिनींनीही हे ध्यानात घ्यावे की, मिसरी हा तंबाखूच होय, आणि तिच्यातील निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते.

वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी विचारील की, दाह हेच मूळ असेल तर दाह शमवणाऱ्या औषधाने हृदय वाचेल काय? प्रश्न उत्तम आहे व त्याची परीक्षा झाली आहे. सोरायसिसवर जगभर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध ज्या औषधकुळातील आहे, त्याचा पाया घालणाऱ्यांत आंध्र प्रदेशातील भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) हे अग्रगण्य होते. त्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत तयार झालेल्या अमिनोप्टेरिनने सोरायसिसचे चट्टे जातात असे १९५१ मध्ये दिसून आले, आणि त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट पुढे प्रचारात आले. हे औषध हृद्रोग्यांस, ज्यांना सोरायसिस नाही अशांस, देऊन पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की, झटके कमी झाले नाहीत. उलट इंटरल्यूकिन १ ह्या द्रव्यास अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाने १०,००० हून अधिक हृद्रोग्यांत, २०१७ च्या निकालानुसार, एका मात्रेत झटके व तत्सम आपत्ती शेकडा १५ कमी झाल्या; पण जंतुसंसर्गाने मृत्यू काहीसे वाढले व औषध फार महागडे, म्हणून ते हृद्रोगासाठी प्रचारात आले नाही. म्हणजे दाह शमवल्याने हृदयास लाभ होऊ शकतो हे सिद्ध झाले, परंतु प्रत्येक दाहशामकाने होतो असे नाही. सोरायसिसवरील नवी औषधे हृदयही राखतात काय, ह्याचा शोध चालू आहे.

शेवटी खास विद्यार्थ्यांसाठी घशाची गोष्ट. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजला व ताप आला, तर दोनतीन आठवड्यांनी काही मुलांच्या अंगावर थेंब शिंपडल्यासारखे बारीक, खवलेदार ठिपके उठतात. मुलांतील सोरायसिस पुष्कळदा ह्याच रूपाने प्रथम प्रकटतो. त्याच जंतूच्या घसादुखीनंतर काही मुलांस सांध्यांचा ताप येतो व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. हा हृद्रोग वर वर्णिलेल्या हृद्रोगाहून निराळा आहे, त्यांची गल्लत करू नये. परंतु दोहोंची सुरुवात घशात होऊ शकते. म्हणून ताप व घसादुखी एकत्र आली असता दोन दिवस शाळा बुडेल ह्या भयाने ती लपवू नये, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटताच अर्ध्यावर टाकू नये. पुढे अंगावर ठिपके उठले किंवा सांधे दुखू लागले, तर डॉक्टरांस मागील घसादुखीची हकीकत आपण होऊन सांगावी. ते ती विचारतीलच असे नाही.